भोंगा बंद होण्याआधी : रूरच्या खाणी आणि कामगारांचं नियोजन

आजचा विषय ऐकायला थोडा सरकारी वाटेल. कोळशासारखे उद्योग बंद करायची वेळ आली, तर तिथल्या कामगारांसाठी सरकारनं काय नियोजन करावं? हवामान बदलाच्या चर्चेत हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, आणि तो जणू उद्याचा प्रश्न आहे अशा थाटात येतो. पण त्याला चांगला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. कोळशाच्या खाणी बंद पडणं, लाखो माणसांचं काम जाणं, सरकारांनी त्यावर योजना आखणं, त्यातल्या काही चालणं आणि काही फसणं, हे सगळं जगात एकदा होऊन गेलंय. आज आपण त्यातला मुख्यतः एकच प्रदेश बघणार आहोत, तो म्हणजे जर्मनीतला रूर. त्याच्या शेजारी ठेवून ब्रिटनच्या खाणी बघू, मग आजच्या जर्मनीकडे आणि दक्षिण आफ्रिकेकडे जाऊ, आणि शेवटी आपल्या चंद्रपूर-वणीपर्यंत येऊ.

शब्द कुठून आला?

आधी शब्दापासून सुरुवात करू. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेत कामगारांच्या 'जस्ट ट्रान्झिशन'चा उल्लेख आहे. आपण त्याला न्याय्य संक्रमण म्हणू. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनंही याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे हा शब्द हवामान परिषदांमध्ये जन्मला असं वाटतं. प्रत्यक्षात तो आला अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या युनियनमधून.

त्या युनियनचे एक नेते होते टोनी मॅझोकी. विषारी रसायनं हाताळणाऱ्या कामगारांच्या आरोग्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. त्यामुळे ते एका पेचात होते. ज्या कारखान्यामुळे कामगार आजारी पडतो, तो कारखाना बंद व्हावा असं म्हणावं, तर त्याच कामगाराची चूल विझते. मॅझोकी स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा आणि त्या काळातल्या खर्चाचा भार अमेरिकी सरकारनं १९४४ च्या कायद्यानं उचलला होता, हे त्यांनी पाहिलं होतं. शिवाय १९८० मध्ये विषारी कचऱ्यानं खराब झालेल्या जमिनी साफ करण्यासाठी अमेरिकेत 'सुपरफंड' नावाचा कायदा झाला. मॅझोकींचा मुद्दा साधा होता. खराब झालेल्या मातीसाठी निधी उभा राहतो, तर काम गमावणाऱ्या माणसासाठी का नको? देशाला जे हवं होतं तेच या माणसांनी इतकी वर्षं बनवलं. आता देशाला ते नको झालं, तर सैनिकाला दिलं ते यांनाही द्या.

हा मुद्दा दयेचा नव्हता, हिशेबाचा होता. तो लक्षात ठेवून आपण रूरला जाऊ. कारण तिथल्या लोकांनी हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी हा हिशेब मांडायला सुरुवात केली होती.

मूक मोर्चा

रूर हा पश्चिम जर्मनीतला प्रदेश. एसेन, बोखुम, डोर्टमुंड, गेल्झनकिर्शन, डुइसबुर्ग अशी एकाला एक लागून असलेली शहरं, आणि त्यांच्या पोटात दगडी कोळसा. महायुद्धात बेचिराख झालेला देश याच कोळशावर पुन्हा उभा राहिला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे ६ लाख लोक काम करत होते, आणि त्यातले बहुसंख्य रूरमध्ये. खाणकामगार म्हणजे समाजातला मानाचा माणूस. पगार चांगला, कंपनीचं घर, मागे बाग, आणि मुलालाही त्याच खाणीत काम मिळणार याची खात्री.

१९५८ च्या सुरुवातीला हे चित्र एकदम फिरलं. तेल स्वस्त झालं. जहाजानं येणारा अमेरिकेचा कोळसा रूरच्या कोळशापेक्षा स्वस्त पडू लागला. खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे डोंगर साचले आणि कामगारांना बिनपगारी पाळ्या मिळू लागल्या. यात हवामान बदलाचा काही संबंध नव्हता, हे स्पष्ट करायला हवं. खाणी बंद पडत होत्या त्या बाजारभावामुळे. पण कामगाराच्या दारात येऊन उभा राहणारा प्रश्न कारणाप्रमाणे बदलत नाही. 'उद्यापासून मी काय करू?' एवढाच तो असतो.

२६ सप्टेंबर १९५९ रोजी सुमारे ६० हजार खाणकामगार तेव्हाच्या राजधानीत, बॉनमध्ये गेले आणि त्यांनी मूक मोर्चा काढला. मूक मोर्चाचं वजन काय असतं, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घोषणा देणाऱ्याला सरकार उत्तर देऊ शकतं. गप्प चालणाऱ्याला काय उत्तर देणार?

त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत मात्र सर्वंकष अशी योजना झाली नाही. खाणी एकेक करून बंद होत गेल्या आणि १९६७ पर्यंत खाणकामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली. तरी हाहाकार झाला नाही, कारण दोन गोष्टी बाजूनं होत्या. पहिली म्हणजे तेजी. पश्चिम जर्मनीत इतर उद्योग कामगारांसाठी हपापलेले होते. बोखुममध्ये बंद झालेल्या एका खाणीच्या जागेवर १९६२ मध्ये ओपेलचा मोटार कारखाना सुरू झाला. दुसरी गोष्ट म्हणजे युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय. युरोपीय संघाचा हा पूर्वज १९५१ च्या करारानं बनला, आणि त्या करारातच अशी तरतूद होती की काम गेलेल्या खाणकामगाराच्या घटलेल्या पगाराची भरपाई, नव्या कामाचं प्रशिक्षण आणि स्थलांतराचा खर्च यासाठी समुदायानं मदत करावी आणि त्या देशाच्या सरकारनं किमान तेवढीच भर घालावी. म्हणजे कोळशाचा सामाईक बाजार उघडतानाच त्या बाजारात पडणाऱ्या माणसाची सोय करून ठेवली होती.

१९६८ : एकच कंपनी

१९६६-६७ मध्ये पश्चिम जर्मनीत युद्धानंतरची पहिली मोठी मंदी आली आणि तेजीचा आधार गेला. रूरमध्ये काळे झेंडे घेऊन मोर्चे निघाले. आता सरकारला हात झटकता येईना. तेव्हाचे अर्थव्यवहार मंत्री होते कार्ल शिलर. त्यांनी सरकार, खाणमालक आणि युनियन या तिघांना एका टेबलाशी बसवलं. १९६८ मध्ये कोळसा उद्योगाच्या फेररचनेचा कायदा झाला आणि वर्षाच्या अखेरीस 'रूरकोले' नावाची एकच कंपनी स्थापन झाली. वेगवेगळ्या मालकांच्या हातात असलेल्या रूरमधल्या बहुतेक सगळ्या खाणी पुढच्या वर्षी तिच्याकडे आल्या. सरकारनं कर्जाची हमी दिली.

वरवर पाहता हे मालकांना वाचवणं वाटतं, आणि काही अंशी ते होतंही. पण कामगारांच्या दृष्टीनं यात एक फार महत्त्वाची गोष्ट घडली. खाणी जोवर वेगवेगळ्या मालकांच्या होत्या, तोवर खाण बंद झाली की कामगार थेट रस्त्यावर येत होता. आता सगळ्या खाणी एका कंपनीच्या झाल्यावर एक खाण बंद झाली तर तिथला तरुण कामगार शेजारच्या खाणीत बदलून जाऊ शकत होता. तिथल्या वयस्क कामगाराला निवृत्त करून त्याची जागा रिकामी करता येत होती. आणि त्या वयस्क कामगाराची पेन्शन सुरू होईपर्यंतची मधली वर्षं भरून काढायला १९७२ पासून सरकारी समायोजन भत्ता सुरू झाला. जमिनीखाली काम करणाऱ्याला तो वयाच्या पन्नाशीपासून घेता येई. खाणी कमी होत गेल्या, माणसं कमी होत गेली, पण कुणाच्या हातात काम संपल्याची चिठ्ठी पडू नये अशी ही साखळी होती.

जर्मन खाणकामगारांचा यावर एक वाक्प्रचार होता. त्याचा भावार्थ मराठीत सांगायचा तर, 'कुणालाही वाऱ्यावर सोडायचं नाही.' दगडी कोळशाच्या खाणींत हे वचन जवळजवळ पन्नास वर्षं, बऱ्याच प्रमाणात, पाळलं गेलं.

ते पाळलं का गेलं? सरकार उदार होतं म्हणून? आम्हाला तसं वाटत नाही. १९५१ पासून पश्चिम जर्मनीत एक कायदा होता. कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्मे प्रतिनिधी कामगारांचे असले पाहिजेत, आणि कामगारविषयक कारभार पाहणारा संचालक कामगार प्रतिनिधींच्या विरोधात जाऊन नेमता येणार नाही, असं तो सांगत होता. म्हणजे कोणती खाण कधी बंद करायची याचा कागद ज्या खोलीत तयार होत होता, त्या खोलीत कामगाराची खुर्ची आधीच मांडलेली होती. संकट आल्यावर ती मांडावी लागली नाही. रूरच्या कामगारानं १९५१ मध्ये जे मिळवलं, त्याचं फळ त्याला १९६८ मध्ये आणि पुढे मिळालं.

आणखी एक काम त्याच सुमारास झालं. रूरमध्ये तोवर एकही विद्यापीठ चालू नव्हतं. हा मजुरांचा मुलूख, इथे विद्यापीठ कशाला, अशीच धारणा होती. १९६५ मध्ये बोखुमचं विद्यापीठ सुरू झालं, १९६८ मध्ये डोर्टमुंडचं, आणि १९७२ मध्ये एसेन आणि डुइसबुर्गचं. खाणकामगाराला या विद्यापीठांचा थेट उपयोग नव्हता. उपयोग होता त्याच्या मुलांना. नियोजन म्हणजे काम गेलेल्या माणसाची सोय, एवढाच अर्थ आपण घेतो. त्याच्या मुलीला सतराव्या वर्षी काय पर्याय असतील, हाही त्याच नियोजनाचा भाग आहे.

२१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप शहरातली प्रोस्पर-हानिएल ही जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली. कामगारांनी कोळशाचा शेवटचा तुकडा वर आणून राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हातात दिला. ते वर्ष अकरा वर्षं आधी, २००७ मध्येच ठरलं होतं. खाणीत शेवटच्या पाळीला उतरणाऱ्या माणसाला आपण नंतर काय करणार आहोत हे माहीत होतं.

वहीची दुसरी बाजू

इथे थांबलो तर ही जर्मन कौतुकाची गोष्ट होईल. इतिहासाची वही दोन्ही बाजूंनी वाचावी लागते.

पहिला मुद्दा खर्चाचा आणि वेळेचा. दगडी कोळसा तगवण्यासाठी जर्मनीनं इतक्या वर्षांत १०० अब्ज युरोंच्या वर अनुदान दिलं. खाणी हळूहळू बंद झाल्या, याचाच दुसरा अर्थ असा की तोट्यातला कोळसा साठ वर्षं जाळला गेला. हवामानाच्या दृष्टीनं पाहिलं तर ती साठ वर्षं आज कुणाकडेच नाहीत.

दुसरा मुद्दा, योजनेच्या कुंपणाबाहेर राहिलेल्यांचा. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो कामगार जर्मनीत आले आणि त्यातले अनेक रूरच्या खाणीत उतरले. १९८३ मध्ये बेकारी वाढल्यावर जर्मन सरकारनं कायदा केला. कारखाना बंद झाल्यानं किंवा कामाचे तास कापले गेल्यानं अडचणीत आलेल्या परदेशी कामगारानं कुटुंबासह मायदेशी परत जावं, त्याला १०,५०० मार्क मिळतील. जर्मन कामगाराला भत्ता आणि बदली, तुर्की कामगाराला परतीचं भाडं. एकाच खाणीत, एकाच अंधारात काम करणाऱ्या दोन माणसांना योजनेनं दोन मापं लावली.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. योजनेनं कामगार वाचवला, पण काम वाचवलं नाही. निवृत्त झालेला बाप सुखात राहिला. त्याची जागा मात्र त्याच्याबरोबरच मिटली आणि मुलाला ती मिळाली नाही. बोखुमचा ओपेल कारखाना २०१४ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. त्याच शहरातला नोकियाचा कारखाना २००८ मध्ये बंद होऊन काम रोमानियाला गेलं होतं. कोळशाची जागा घेणारे उद्योगच पन्नास वर्षांत निघून गेले. गेल्झनकिर्शन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांत मोजलं जातं. एकदा नवा कारखाना आणला की झालं, असं प्रदेशाच्या बाबतीत होत नाही, हे रूरनं दाखवलं.

ब्रिटन : पैसे होते, क्रम नव्हता

आता याच्या शेजारी ब्रिटन ठेवू. कोळसा तोच, तेलाची स्पर्धा तीच. खाणी तर १९४७ पासून सरकारच्याच मालकीच्या, म्हणजे 'एकच कंपनी' ब्रिटनकडे रूरच्या वीस वर्षं आधीपासून होती. मग फरक कुठे पडला?

मार्च १९८४ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळानं सुमारे २० खाणी बंद करण्याचा आणि २० हजार लोकांचं काम कमी करण्याचा बेत जाहीर केला. युनियनशी बोलून ठरलेला हा कार्यक्रम नव्हता. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला ती ताकद आजमावण्याचीच लढाई वाटत होती. संप जवळजवळ वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये कामगार हरून कामावर परतले. त्यानंतर दहाच वर्षांत बहुतेक खाणी बंद झाल्या. १९९२ मध्ये एकाच घोषणेत ३१ खाणी बंद करायचं जाहीर झालं. १९९४ च्या अखेरीस उरलेला उद्योग खाजगी मालकांना विकला गेला.

ब्रिटिश सरकारनं खाणकामगाराला रिकाम्या हातानं घालवलं असं समजायचं कारण नाही. सेवासमाप्तीची रक्कम तेव्हाच्या मानानं चांगली होती. पण ती एकदाच मिळाली, आणि ती घेऊन माणूस ज्या गावात परतला तिथे दुसरं काम नव्हतं. यॉर्कशर, डरहॅम, साउथ वेल्स इथल्या खाणगावांत गाव म्हणजेच खाण होती. पुढे अभ्यासकांनी या भागांतल्या आकड्यांचा नीट माग काढला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढे आली. नोंदलेली बेकारी अपेक्षेइतकी वाढलेलीच नव्हती. मग माणसं गेली कुठे? त्यातली पुष्कळशी आजारपणाच्या भत्त्यावर गेली होती. पाठ आणि फुप्फुसं खाणीत खराब झालेली होतीच. काम होतं तोवर ती माणसं तशीच उतरत होती, काम गेल्यावर ती आजारी म्हणून नोंदली गेली. म्हणजे सरकारचा पैसा गेलाच. फक्त तो नियोजनाच्या खात्यातून न जाता आजारपणाच्या खात्यातून गेला.

या भागांसाठी सरकारनं विशेष कृतिदल नेमलं ते १९९७ मध्ये, आणि पुनरुज्जीवनासाठी न्यास उभा राहिला १९९९ मध्ये. संप संपून तोवर चौदा वर्षं झाली होती. संपाच्या वेळी पस्तिशीत असलेला माणूस तोवर पन्नाशीला टेकला होता.

दोन्ही देशांत पैसा खर्च झाला आणि दोन्ही देशांत खाणी बंद झाल्या. फरक क्रमाचा होता. रूरमध्ये खुर्ची, भत्ता, बदलीची सोय आणि विद्यापीठ या गोष्टी आधी उभ्या राहिल्या आणि शेवटची खाण नंतर बंद झाली. ब्रिटनमध्ये खाण आधी बंद झाली आणि समिती नंतर बसली.

आता कारण हवामान आहे

इतका वेळ आपण बाजारभावानं बंद झालेल्या खाणी बघितल्या. आता हवामानासाठी मुद्दाम कोळसा बंद करण्याच्या काळात येऊ. जर्मनीकडे दगडी कोळशाशिवाय तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइटही आहे. त्यातला एक मोठा पट्टा लाउझित्स, पूर्व जर्मनीत. त्या भागाची आठवण कडू आहे. १९८९ मध्ये तिथे कोळशाच्या कामात सुमारे ८० हजार लोक होते. देश एक झाल्यानंतर दहाच वर्षांत ती संख्या १० हजारांच्या खाली गेली. रूरला जे करायला साठ वर्षं लागली, ते एकाच देशात, लाउझित्सवर, दहा वर्षांत कोसळलं. तरुण मंडळी पश्चिमेकडे गेली. त्यामुळे सरकार पुन्हा 'संक्रमण' म्हणू लागलं, तेव्हा तिथल्या लोकांच्या पोटात गोळा आला यात नवल नाही.

म्हणून २०१८ च्या जूनमध्ये जर्मन सरकारनं आयोग नेमला. त्याच्या नावातच वाढ, संरचनात्मक बदल आणि रोजगार हे शब्द होते, कोळसा नव्हता. मतदानाचा अधिकार असलेले २८ सदस्य : युनियन, उद्योग, पर्यावरण संघटना, शास्त्रज्ञ, आणि कोळशाच्या भागांतले लोक. जानेवारी २०१९ मध्ये एक मत सोडून सगळ्यांनी अहवालाला मान्यता दिली. कोळशावरची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद, आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरो. २०२० मध्ये त्याचे कायदे झाले. त्यात कामगारांसाठी रूरचाच जुना समायोजन भत्ता परत आला. वयाची ५८ वर्षं झालेल्यांना तो पाच वर्षांपर्यंत मिळणार आणि त्याची मुदत २०४३ पर्यंत, म्हणजे शेवटचं वीज केंद्र बंद झाल्यानंतरही पाच वर्षं.

यावर टीका झाली, आणि ती दोन्हीकडून झाली. २०३८ फार उशीर आहे, असं हवामानाची चिंता करणारे म्हणाले. प्रदेशाला दिलेला पैसा कामगारापर्यंत पोचतोच असं नाही, रस्ते आणि इमारतींतच जातो, असं स्थानिक लोक म्हणाले. दोन्ही टीकांत तथ्य आहे. पण एक काम मात्र ठळक दिसतं. लाउझित्समधल्या कॉटबुस शहरात जर्मन रेल्वेचा गाड्या दुरुस्तीचा मोठा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, १,२०० लोकांना काम देण्याच्या उद्देशानं. शेजारची वीज केंद्रं अजून चालू असतानाच तो उभा राहिला. पुन्हा तोच क्रम : आधी उघडायचं, मग बंद करायचं.

उलट क्रमाचं ताजं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. म्पुमलांगा प्रांतातलं कोमाटी हे साठ वर्षं जुनं औष्णिक वीज केंद्र २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. जागतिक बँकेचं कर्ज होतं, सौर ऊर्जेचा आराखडा होता, प्रशिक्षण केंद्राची कल्पना होती. वीज कंपनीच्या कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांत घेतलं गेलं. पण कंत्राटदारांकडे काम करणारे, आणि केंद्राच्या आधारानं चालणारी खोल्या भाड्यानं देणारी, खाणावळी चालवणारी माणसं उघड्यावर पडली. नवं काम यायच्या आधी जुनं संपलं होतं. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या हवामान आयोगानंच पुढे त्यातल्या उणिवा मांडल्या.

चंद्रपूर, वणी आणि आपण

कोमाटीवरून थेट विदर्भात येता येतं. चंद्रपूर, वणी, उमरेड, नागपूर या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोला २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. उद्या सकाळी चंद्रपूर बंद होणार आहे असं कुणी म्हणत नाही, आणि देशाची विजेची गरज पाहता तसं होणारही नाही. पण खाणी संपतात, आणि जुने संच निवृत्त होतात. चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे दोन जुने संच असेच बंद झाले आहेत.

बंद उद्योगाचा आपला स्वतःचा अनुभव काय आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि चर्चा सगळी जमिनीची झाली. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. तीस वर्षं. अनेक घरांत अर्ज कामगारानं केला आणि सोडतीच्या वेळी वारस उभे राहिले. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला होता. उद्योगांच्या फेररचनेत काम जाणाऱ्यांना प्रशिक्षण आणि नवं काम मिळावं, हा त्याचा घोषित हेतू. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. म्हणजे ब्रिटनचीच वाट : हातात एकरकमी पैसे, आणि पुढे रिकामं गाव.

म्हणून आमच्या मते रूरकडून युरोंचा आकडा शिकायचा नाही, तो आपल्याला परवडणारही नाही. तिथला वेगही घेता येणार नाही. घ्यायचा तो क्रम. आणि तो क्रम घ्यायचा म्हटलं, की तीन साधे प्रश्न आत्ताच विचारावे लागतात.

पहिला, यादी कुणाची? कोळसा खाणीत आज कायम कामगारांच्या जोडीला कंत्राटी कामगार मोठ्या संख्येनं आहेत. ट्रकचालक आहेत, लोडिंगवाले आहेत, केंद्राच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाया आहेत. कायम कामगाराची नोंद कंपनीकडे असते. बाकीच्यांची नोंद कुठे आहे? रूरनं तुर्की कामगाराला आणि कोमाटीनं कंत्राटी कामगाराला यादीबाहेर ठेवलं. यादी बंदच्या वेळी केली, तर हे असंच होतं.

दुसरा, खुर्ची कुठे? २०१५ च्या कायद्यानं खाणीच्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि खाणधारकांच्या रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसा जमा होतो. चंद्रपूर अशा जिल्ह्यांपैकी एक. शाळा, पाणी, आरोग्य यांवर तो खर्च होतो आणि व्हायलाही हवा. पण हा पैसा कोळशातून येतो, आणि कोळसा संपला की तोही आटणार. तो आटण्याआधी त्यातला काही भाग खाणीनंतरच्या कामासाठी बाजूला ठेवायचा का, हे ठरवणाऱ्या खोलीत कंत्राटी कामगाराची खुर्ची आहे का?

तिसरा, तारीख कोणती? जर्मन खाणकामगाराला शेवटचं वर्ष अकरा वर्षं आधी माहीत होतं. कोणती खाण कोणत्या वर्षी संपणार, याचा अंदाज कंपनीच्या भूगर्भतज्ज्ञांकडे असतोच. तो गावाला कळला, तर दहावीत असलेली मुलगी आयटीआयला कोणता ट्रेड घ्यायचा हे ठरवू शकते, आणि बाप घराचं कर्ज किती वर्षांचं काढायचं हे ठरवू शकतो. तारीख लपवून ठेवली, तर गावाला ती भोंगा वाजला नाही त्या सकाळी कळते.

मॅझोकींनी मागितलेला निधी अमेरिकेत उभा राहिला नाही. रूरमध्ये तो उभा राहिला, कारण तिथल्या कामगारानं खाण जोरात चालू असतानाच आपली खुर्ची मिळवली होती. विदर्भातल्या खाणी आज जोरात चालू आहेत. नियोजनाची वेळ हीच आहे.